चेअरमनचं पोट

सिगारेट सोडायला सर्वांत वाईट दिवस कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन: ज्या दिवशी तुमच्या इमारतीतले सगळे संडास फोडायला घेतात, तो. मी नेमका तोच निवडला. फेब्रुवारीतला सोमवार, बाहेर उणे अठरा, आणि सकाळी सात वाजता मार्गुस नावाचा एस्टोनियन मुकादम चार माणसं आणि एक ड्रिल घेऊन आमच्या न्हाणीघरात शिरला. साडेसात वाजता तिथे एक भोक उरलं होतं, त्यातून खालच्या हिल्क्काबाईंच्या न्हाणीघराचं भोक दिसत होतं.

इमारत साठ वर्षांची, तिचे पाइप साठ वर्षांचे आणि मीही साठ वर्षांचा. पाइप बदलायचा ठराव मीच मांडला, कारण सोसायटीचा चेअरमन मी. कुओपिओसारख्या गावात सोसायटीचं चेअरमनपद कुणी मागून घेत नाही. सभेत जो खोकतो त्याच्या गळ्यात ते पडतं, आणि चाळीस वर्षांच्या सिगारेटींमुळे मी फार खोकत असे. काम दहा आठवड्यांचं. तेवढ्या काळासाठी 'ब' जिन्यातल्या चौदा घरांकरता अंगणात एक पत्र्याचा कंटेनर आणून ठेवला होता. त्यात तीन संडास, एक हीटर, आणि पाणी सोडलं की मैला टाकीत ढकलणारा एक पंप. हा पंप चालू झाला की अंगणभर असा गुरगुराट व्हायचा की पलीकडच्या बालवाडीतली मुलं खिडकीला नाक लावायची.

मी मोजणी खात्यात आहे. जमिनीच्या हद्दी मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मोजता येत नाही अशी गोष्ट जगात असेल हे मला पटत नाही. चौदा घरं, तीन संडास, सकाळचे दोन तास. मी हिशेब मांडला, माणशी दहा मिनिटांचं वेळापत्रक केलं आणि जिन्यात लावलं. वरच्या मजल्यावरच्या काउकोने विचारलं, "आणि एखाद्याला दहा मिनिटं नाही पुरली तर?" तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो होतो, "निरोगी माणसाला दहा मिनिटं पुष्कळ होतात." खाली माझी सही होती: आहती पिर्स्कानेन, चेअरमन. माझी वेळ सहा पन्नास ते सात.

आता सिगारेटीचं. कचेरीतल्या आरोग्य तपासणीत एका नर्सने मला नळीत फुंकायला लावलं आणि पडद्याकडे बघून सांगितलं, "तुमचं वय साठ. तुमच्या फुप्फुसांचं ऐंशी." मी म्हटलं, म्हणजे सरासरी सत्तर. ती हसली नाही. घरी बायकोला, सिर्क्काला, सांगितलं, तीही हसली नाही. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी मी सिगारेट सोडली असं जाहीर करून चार महिने कचऱ्याच्या शेडमागे उभा राहून ओढली होती आणि वर पेपरमिंट चघळत घरी येत होतो. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ओढलीस त्याचं काही नाही रे. पण चार महिने रोज तोंडावर खोटं बोललास." त्यामुळे या वेळी मी "सोमवारपासून बंद" म्हटलं तेव्हा तिने फक्त मान हलवली आणि पुढ्यातलं पुस्तक वाचत राहिली. एखादी बाई ओरडली तर माणूस उत्तर तरी देऊ शकतो.

पहिला दिवस मी सोसला. दुसरा सोसला. तिसऱ्या दिवशी सहा पन्नासला कंटेनरमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की सिगारेटीबरोबर आणखीही काहीतरी बंद झालं आहे.

चाळीस वर्षं माझी सकाळ ठरलेली. एक कप कॉफी, गॅलरीत एक सिगारेट, आणि सिगारेट अर्ध्यावर आली की तडक संडास. मला वाटायचं हे माझ्या शिस्तीचं फळ. ते तंबाखूचं होतं, हे मला त्या पत्र्याच्या खोलीत, गुडघ्यांवर हात ठेवून, पहिल्यांदा समजलं. पोटाला जणू पत्रच गेलं नव्हतं. मी दहा मिनिटं बसलो, उठलो, बाहेर आलो. बाहेर सात ते सात-दहावाला काउको टोपी कानावर ओढून उभा होता.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"पंप नाही वाजला."

मी निघालो. काउको शहर बस चालवतो, आणि इतकी वर्षं मी खालच्या गॅलरीत आणि तो वरच्या, असे आम्ही बरोबर सिगारेट ओढत आलो होतो. आमचं बहुतेक संभाषण धुरातूनच झालं होतं. समोरासमोर तो इतका चौकस असेल असं वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तळमजल्यावरची खिडकी उघडली. हिल्क्का टोप्पिनेन, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त सुईण. गावातल्या अर्ध्या लोकांना पहिला धपाटा हिनेच घातलेला; आमच्या मुलीलासुद्धा.

"आहती, अरे तू नुसताच आत जाऊन बाहेर येतोयस."

"हिल्क्काबाई, ही खासगी बाब आहे."

"पंप खासगी नाही ना बाळा. माझ्या उशाशी वाजतो तो. कुणाचा कधी वाजला ते मला झोपेतही कळतं. तुझा वाजत नाही."

आता माझी बाजू समजून घ्या. मी चेअरमन. वेळापत्रक माझं. "निरोगी माणसाला" हे शब्द माझे. पाचव्या दिवशी मी आत गेलो, दहा मिनिटं निष्फळ बसलो आणि उठताना पाणी सोडलं. पंप गुरगुरला. कुणाला पटेल न पटेल म्हणून आणखी दोनदा सोडलं. बाहेर आलो तर खिडकीतून हिल्क्काबाईंनी हात हलवला आणि काउकोने चक्क हातमोजा काढून हस्तांदोलन केलं. त्या दिवसापासून मी दिवसातून तीनदा आत जाऊ लागलो आणि प्रत्येक वेळी तीन-चारदा पाणी सोडू लागलो. इभ्रत राखायची म्हटली की थोडं पाणी खर्च व्हायचंच, असं मला वाटत होतं.

पण पोट काही पंपाला फसत नव्हतं. ते दगडासारखं झालं होतं. पँटचं बटण जेवणापूर्वीच लागेना. मध्येच एखादी कळ डाव्या कुशीतून अशी निघायची की मी नकाशावर पेन्सिल टेकवून श्वास धरून बसायचो. राय धान्याच्या लापशीत मी मूठमूठ जवस घातले. सुके प्लम आणले, ते सिर्क्काच्या नजरेस पडू नयेत म्हणून हत्यारांच्या पेटीत लपवले, आणि हातोडी काढायला जातो असं सांगून खात राहिलो. वर पाणी, आणखी पाणी, आणि ते पाणी सोडायला पुन्हा कंटेनर.

सिर्क्काला मी काहीच सांगितलं नाही, आणि का, तेही इथे सांगून टाकतो. माझे वडील एकसष्टाव्या वर्षी गेले. सुरुवात अशीच झाली होती, पोट साफ होत नाही म्हणून. ते लाकडाच्या वखारीत काम करत. "होईल आपोआप" म्हणत त्यांनी एक हिवाळा काढला, आणि वसंतात दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडून परत शिवलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. लोकांशी मी जवस आणि प्लम यांबद्दल बोलत होतो, पण डाव्या कुशीत कळ आली की मला वखारीच्या फळीवर वाकून बसलेले वडील दिसायचे.

शेवटी सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, मार्गुसने मला पकडलं. तो कंटेनरचा हीटर बघायला आला होता, आणि मी त्याभोवती बर्फात फेऱ्या मारत होतो. चालल्याने फरक पडतो असं वाचलं होतं.

"चेअरमनसाहेब, पोट?"

"नाही नाही. तपासणी करतोय. कामाची."

"माझा बाप पण असाच तपासणी करायचा," तो म्हणाला, आणि गाडीतून एक बरणी काढून त्याने माझ्या हातात दिली. "आंबवलेल्या कोबीचं पाणी. उद्या सकाळी मोठा पेला. माझ्या आईच्या हातचं आहे."

सोमवारी सकाळी मी मोठा पेला प्यायलो. मार्गुसची आई नेकीची बाई असणार, कारण पाण्यात दम होता; फक्त त्याने जे करायचं ते न करता दुसरंच केलं. नऊ वाजता मी दवाखान्याला फोन लावला. यंत्राने सांगितलं की तुमचा नंबर नोंदला आहे, आज केव्हातरी आम्ही फोन करू, आणि दोनदा उचलला नाहीत तर पुन्हा रांगेत यावं लागेल. साडेनऊला कचेरीत माझ्या टेबलासमोर कोक्कोनेन बंधू येऊन बसले. दोघांत तळ्याकाठच्या जमिनीचा तंटा, अकरा वर्षं एकमेकांशी बोलणं नाही, जे काही बोलायचं ते माझ्याकडे बघून. खोलीत शांतता होती, आणि त्या शांततेत माझ्या पोटाने एक दीर्घ, वळणावळणाचा आवाज काढला, दूरच्या जंगलातून मालगाडी जावी तसा. थोरल्या कोक्कोनेनने धाकट्याकडे रागाने पाहिलं. मी ते चालू दिलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"दवाखान्यातून बोलतेय," नर्स म्हणाली. "काय त्रास होतोय?"

मी कोक्कोनेन बंधूंकडे पाहिलं. चारही डोळे माझ्यावर. फोन ठेवला तर पुन्हा रांग.

"अडलंय," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"आठ."

"अजिबातच नाही?"

"अजिबात नाही."

धाकटा पुढे सरकला. "आठ? मीटर? कुणाच्या बाजूने?"

"कठीण आहे का पोट?" नर्सने विचारलं.

"फार कठीण. डाव्या बाजूला जास्त."

"डावी बाजू याची!" थोरला धाकट्याकडे बोट दाखवत ओरडला. "मी म्हणतच होतो!"

"तिथे कोणी आहे का?" नर्स म्हणाली. "रक्त, ताप, उलट्या? नाही ना? पाणी प्या, चाला, भरड धान्य खा. अलीकडे काही बदललंय का खाण्यापिण्यात?"

"ते... गॅलरीतलं बंद केलं."

"काय?"

"सिगारेट," मी अगदी हळू म्हणालो.

"अहो, मग होतं असं काहींना. तंबाखूची सवय आतड्यालाही असते. काही आठवडे लागतात कधी कधी. दोन पावडरी सांगते त्या घ्या, आणि तीन आठवड्यांनी वेळ देते."

मी "बरं" म्हणणार होतो, आणि तोंडातून भलतंच निघालं. "माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं."

पलीकडे टंकलेखन थांबलं. तिने दोन-तीन प्रश्न विचारले. मी वर्षं सांगितली, वय सांगितलं. मग ती वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाली, "गुरुवारी दोन वाजता या. डॉक्टर बघतील. घाबरायचं कारण आहे म्हणून नाही हं. बघायला हवं म्हणून."

फोन ठेवला तेव्हा कोक्कोनेन बंधू तंटा विसरून माझ्याकडे बघत होते. थोरला जरा घुटमळून धाकट्याला म्हणाला, "बाबांचंही पोटाचंच होतं ना?" धाकट्याने मान हलवली. अकरा वर्षांतलं ते त्यांचं पहिलं बोलणं. सरकारी कामात समाधानाचे क्षण फार थोडे येतात, पण त्या वेळी मला समाधान मानायची सवड नव्हती.

मंगळवार गेला, बुधवार गेला. पावडरींनी पोट आणखी फुगलं, बाकी काही नाही. गुरुवारी मी रजा टाकली. सकाळी आठ वाजता कचरा टाकायला शेडकडे गेलो तर काउको तिथे सिगारेट ओढत उभा. दुपारच्या पाळीला अजून वेळ होता त्याला. माझी चाल पाहून तो म्हणाला, "तू पंप वाजवतोयस नुसता. खरं की नाही?"

मी कचऱ्याची पिशवी डब्यात टाकली.

"अरे, उगाच मरतोयस. एक ओढ. एकच. पाच मिनिटांत मोकळा होशील, मग पुन्हा सोड. तुझ्या पोटाला माहीत आहे ना रस्ता." आणि त्याने एक पेटवून माझ्या बोटांत दिली.

मी खोटं सांगणार नाही. धूर वर आला, नाकात गेला, आणि पोटात काहीतरी खरंच हललं, धन्याची चाहूल लागलेल्या कुत्र्यासारखं. दोन वाजता डॉक्टर. आत्ता ओढली तर साडेआठला मोकळा, आणि पोट मोकळं झालं म्हणजे वडिलांचं ते आपल्याला नाही, हे आत्ताच्या आत्ता कळेल. पाच मिनिटांत भीती संपेल. सिगारेट ओठांपासून चार बोटांवर होती. चार बोटं, मोजणी खात्याच्या अंदाजाने.

तेव्हा जिन्याचं दार वाजलं. सिर्क्का वाचनालयात कामाला निघाली होती. तिने मला पाहिलं, हातातली सिगारेट पाहिली. ती थांबलीही नाही. मफलर सारखा केला आणि बर्फावरून फाटकाकडे गेली.

मी सिगारेट काउकोच्या हातात परत कोंबली. "मी नाही ओढली! तू साक्षीदार आहेस."

"तिला सांग की मग," काउको म्हणाला.

पण काय सांगणार? गेल्या वर्षी याच शेडमागून येऊन मी चार महिने हेच सांगितलं होतं.

मी तसाच जाऊन हिल्क्काबाईंचं दार ठोठावलं. सगळं सांगितलं, खोट्या पंपासकट. त्या जराही चकित झाल्या नाहीत. "मला पहिल्यापासून माहीत होतं रे. खरं काम झालेला माणूस असा चालत नाही." त्यांनी कपाटातून एक जुनी तपकिरी बाटली काढली. एरंडेल. "दोन चमचे. गरम कॉफी वर. आणि मग घरातून हलू नकोस."

मी दोन चमचे घेतले. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा असं आपण म्हणतो. त्या वेळी माझ्या चेहऱ्याला उपमा शोधायची गरज नव्हती. घरी जाऊन बसलो. दहा वाजले. अकरा वाजले. काही नाही. मी मनात डॉक्टरांशी बोलायला सुरुवात केली होती.

अकरा पस्तीसला पोटात कुणीतरी टेबल सरकवलं.

मी कोट चढवला, एका पायात बूट आणि दुसऱ्यात सिर्क्काची चप्पल घालून जिना उतरलो. कंटेनरच्या दारावर लाल दिवा लागला होता. समोर मार्गुस कागदावर काहीतरी लिहीत उभा.

"बंद," तो म्हणाला. "टाकी भरली. दारं आपोआप लॉक होतात."

"उघड!"

"उघडत नाहीत. गाडी दोन वाजता येणार. चेअरमनसाहेब, मला एक समजत नाही. मी हिशेब केला, चौदा घरांना शुक्रवारपर्यंत पुरायला हवी टाकी. कुणीतरी भयंकर पाणी सोडतंय. कोण असेल?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. आणि त्याने कागद घडी करून खिशात घातला, हे त्याचे माझ्यावर उपकार.

'अ' जिन्यात संडास अजून शाबूत होते. मी धावलो. म्हणजे गुडघे जवळ ठेवून धावता येतं तितका. दाराला नंबरांचं कुलूप, आणि त्याचा आकडा सुरक्षेसाठी मीच गेल्या आठवड्यात बदलला होता. चार आकडे. वडिलांचं जन्मवर्ष? नाही. लग्नाचं वर्ष? नाही. पोटात आता टेबलाबरोबर खुर्च्याही सरकू लागल्या होत्या. तेवढ्यात रस्त्यावर बस थांबली आणि तिच्या खिडकीतून काउको ओरडला, "काय झालं?"

"वाचनालय!" मी ओरडलो.

वाचनालय तिथून चार थांबे. तेवढाच शब्द सुचला; तिथे संडास होता, आणि तिथे सिर्क्का होती. मला दोन्हींची गरज होती.

"बस ना," मी चढल्यावर काउको आरशातून म्हणाला.

"बसता येत नाही."

बसमध्ये सहा-सात माणसं होती. सगळी बाहेर बघू लागली. आमच्याकडे दुसऱ्याचं संकट दिसलं की लोक सभ्यपणे बाहेर बघतात. मी दोन्ही हातांनी दांडा धरला. पहिला थांबा, कोणी नाही. दुसऱ्या थांब्यावर चाकांचा वॉकर घेतलेली एक म्हातारी. ती चढली, थांबली, पाकिटातून बसचं कार्ड शोधू लागली. आधी चष्मा शोधला. मग चष्मा लावून कार्ड. बर्फावर बस जराशी घसरली आणि मी आयुष्यात कधी केली नव्हती अशी प्रार्थना केली, बिशपला सांगता येणार नाही अशी.

"आज्जी, राहू द्या कार्ड," काउको म्हणाला. "बसा तुम्ही. आज फुकट."

"फुकट? का बरं?"

"चेअरमनचा वाढदिवस आहे."

वाचनालयातल्या वाचकांच्या संडासाबाहेर बालवाडीची रांग होती. बारा मुलं, बारा जाडजूड बर्फाचे सूट, प्रत्येक सुटाला दोन झिपा. एक मूल सूट काढायला किती वेळ घेतं हे मी मोजलं नाही. काही मोजण्यांत अर्थ नसतो. मी सरळ पुस्तकं द्यायच्या टेबलाकडे गेलो, जिथे सिर्क्का बसली होती, आणि जिथे चार लोकांची रांग होती, आणि त्या रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिलो. या देशात माणूस रांग मोडताना दिसला की लोकांना वाटतं आग लागली.

सिर्क्काने मान वर केली. तिचे डोळे लाल होते. "आत्ता नाही, आहती. संध्याकाळी बोलू."

"संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही!"

"मी सकाळी पाहिलं. मला काही ऐकायचं नाही."

"मी ओढली नाही! शप्पथ! किल्ली दे."

"लोक आहेत इथे. कसली किल्ली? घराची किल्ली मागतोयस?"

"तुमच्या संडासाची!"

दोन मजल्यांच्या वाचनालयात पुस्तकाचं पान उलटल्याचाही आवाज आला नाही. सिर्क्काने माझ्याकडे पाहिलं, खरं म्हणजे त्या आठवड्यात पहिल्यांदाच नीट पाहिलं: फुगलेलं पोट, कपाळावर घाम, एका पायात तिची चप्पल. तिने खण उघडला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

पुढच्या पंधरा मिनिटांचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की मी रडलो, आणि ते दुःखाने नव्हे.

बाहेर आलो तेव्हा सिर्क्का कर्मचाऱ्यांच्या बोळात हात बांधून भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर तिने दुसऱ्या कुणाला बसवलं होतं.

"झालं?"

"झालं."

"किती दिवसांनी?"

"अकरा."

"आणि आज सकाळी आठ वाजता तुझ्या हातात सिगारेट होती." ती शांतपणे म्हणाली. "चाळीस वर्षं मी तुझी सकाळ बघतेय, आहती. कॉफी, सिगारेट, संडास."

तेव्हा कुठे मला कळलं की मी कुठल्या कोपऱ्यात सापडलोय. अकरा दिवस मी खरं बोलत होतो त्याचा एकच पुरावा माझ्याजवळ होता, तो माझ्या पोटात होता, आणि तो मी आत्ताच पाण्याबरोबर सोडून दिला होता.

"हिल्क्काबाईंनी एरंडेल दिलं," मी म्हणालो. "त्यांना विचार. काउकोला विचार. नको, काउकोला नको. सिर्क्का, ओठांना लागली नाही गं. लावणार होतो. चार बोटं उरली होती."

तिने बांधलेले हात सोडले. मग भिंत सोडून पुढे आली. अगदी जवळ.

"फुंकर मार."

मी फुंकर मारली. तिने डोळे मिटून वास घेतला. पुन्हा म्हणाली, "अजून." मी पुन्हा मारली. तिचं नाक माझ्या हनुवटीला टेकलं होतं.

"प्लम," ती म्हणाली. "जवस. कोबी. आणि तेल." तिने डोळे उघडले. "भयानक वास आहे."

"पण धुराचा?"

"धुराचा नाही." तिने माझ्या दंडाला धरलं. "मूर्खा, अकरा दिवस? मला सांगता आलं नाही तुला?"

"तू बोलत नव्हतीस."

"मी वाट बघत होते. या वेळी कधी खोटं बोलायला लागतोस त्याची." आणि मग, "इतकं का घाबरलायस? पोट तर झालं ना साफ."

मी वखारीच्या फळीबद्दल सांगितलं. तिला वडील कशाने गेले ते माहीत होतं, पण ते कसं सुरू झालं हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं; मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. बोळाच्या टोकाला एक बालवाडीतलं मूल एक पाय सुटाबाहेर काढून आमच्याकडे बघत होतं. सिर्क्काने जाऊन कोट आणला. "दोन वाजता ना?" ती म्हणाली. "चल."

टाकीचं काय झालं, हे विचाराल म्हणून सांगतो. त्याच संध्याकाळी मी 'ब' जिन्यातल्या लोकांना अंगणात बोलावून, थंडीत टोपी काढून, खोट्या पाण्याची कबुली दिली. हिल्क्काबाईंनी वेळापत्रकाचा कागद काढून त्याचा बोळा केला, आणि त्यानंतर ज्याला जेव्हा लागेल तेव्हा तो जाऊ लागला. आश्चर्य म्हणजे त्याने काहीही अडलं नाही. राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. पोटाच्या तपासणीचा निकाल सहा आठवड्यांनी आला, आणि तो चांगला होता. त्या सहा आठवड्यांबद्दल मी फार बोलत नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी दोन वाजता आम्ही दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर शेजारी शेजारी बसलो होतो. बाई तरुण होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वडिलांबद्दल विचारलं, सगळं लिहून घेतलं. एक तपासणी करू, म्हणाल्या, लवकरच. मग पडद्याकडे बघत, कीबोर्डवर बोटं चालवत, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सिगारेट ओढता?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात या प्रश्नाला इतक्या वेळा इतकी निरनिराळी उत्तरं दिली होती की नेमकं कुठलं बाहेर पडेल याचीच मला खात्री वाटेना.

"नाही," शेजारून सिर्क्का म्हणाली. "सोडली आहे त्याने."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "असं कोण म्हणतंय?"

"मी," सिर्क्का म्हणाली, आणि बाईंनी ते लिहून घेतलं.